हेल्मेट घातलंय, पण बसलंय का?

आजचा एपिसोड छोटा आहे, कारण माझ्या कपाळावर चार टाके आहेत आणि बोलताना भुवई उचलली की ते ओढतात.

झालं असं की गेल्या रविवारी सकाळी पाम बीच रोडवर, सीवूड्सच्या जरा पुढे, कडेच्या वाळूवर चाक घसरलं. गाडी नाही, कुत्रं नाही, माझा मीच पडलो. हेल्मेट होतं! तरी कपाळ फुटलं, कारण ते मागे सरकून टाळूवर गेलं होतं. आई म्हणाली, "मग ते मिरवायला घेतलं होतंस का?"

खरं सांगू? तसंच घेतलं होतं. केस दाट म्हणून ऑनलाइन 'लार्ज' मागवलं. डोकं मोजलंच नव्हतं. आता शिंप्याची टेप घेऊन मोजलं, भुवईच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागचा फुगवटा धरून. ५६ सेंटीमीटर. हेल्मेटवर लिहिलेलं ५८ ते ६२. मागचं चाक फिरवून ते घट्ट वाटायचं, पण ते चाक बारीक फरकासाठी असतं, चुकलेल्या साइजसाठी नाही.

नवं घेताना दुकानात गेलो. पट्टा न लावता घालून मान खाली घालून हलवली. पडलं नाही, तर ते आपलं. पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं, त्याहून वर नको. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा 'व्ही' कानाच्या खाली जुळायला हवा. हे कोणी करतच नाही, आणि हेल्मेट मागे सरकतं ते इथेच. हनुवटीखाली एखादं बोट जाईल इतकी जागा ठेवायची. मोठा आ केला की हेल्मेट डोक्यावर किंचित दाबलं गेलं पाहिजे. दुकानदार हसला, हसू दे. आणि खाली टोपी नको.

सायकलवाल्यांना आपल्याकडे हेल्मेटची सक्ती नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटरसायकलवाल्यांसाठी आहे. म्हणून आतलं लेबल आपणच बघायचं. 'ईएन १०७८' हे युरोपचं मानक. त्यात हेल्मेट सुमारे दीड मीटरवरून सपाट ऐरणीवर आपटतात, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटरचा मार. मी पडलो तसं पडण्यासाठी ते आहे, मोटारीच्या धडकेसाठी नाही. याच रस्त्यावर, नेरुळजवळ, २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे सायकल चालवणारे अवतार सैनी टॅक्सीच्या धडकेत गेले. इंटेल इंडियाचे माजी प्रमुख, पेंटियम चिपच्या डिझाइनमधलं मोठं नाव, वय ६८. त्या वेगापुढे हेल्मेटकडून किती मागणार? वेगाला लगाम हवा, सायकलला वेगळी जागा हवी. ते मागत राहूच.

हां, जुन्या हेल्मेटचं राहिलं. वरून फक्त ओरखडा दिसत होता. आतलं पॅड काढलं तर थर्माकोलला बोटभर तडा. तो फेस एकदाच दबतो, पुन्हा फुगत नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, मला दे ना, चालेल." मी कात्री घेतली आणि त्याच्यासमोरच पट्टे कापून टाकले.