पुरस्कारापलीकडची साधना
(महिला दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांना आपण आदराने वंदन करतो. परंतु कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या आणि निर्मितीत राबणाऱ्या साऱ्यांना रांधून वाढणाऱ्या सरस्वतीबाईंचे स्मरण आपल्यापैकी किती जणांना असते? १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे त्या माउलीचेही कष्ट आहेत. स्त्रीचे श्रम घ्यायचे आणि नाव विसरायचे, ही चूक आपल्या घरातलीच आहे.

स्त्रीमुक्तीचा डंका पिटणारी अमेरिकाही यात मागेच राहिली. ऑस्कर १९२९ पासून दिले जातात; तेथे दिग्दर्शनाचा पुरस्कार स्त्रीला प्रथम मिळाला तो २०१० साली, कॅथरिन बिगेलो यांना. आपल्याकडे अपर्णा सेन यांना ‘३६ चौरंगी लेन’साठी हा राष्ट्रीय सन्मान १९८१ च्याच पुरस्कारांत लाभला होता. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण तेवढ्यावर समाधान मानू नये.

पुण्याच्या सुमित्रा भावे यांचे उदाहरण पाहा. त्या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. वस्तीतील स्त्रियांचे जगणे समजून घेता घेता त्या १९८५ मध्ये ‘बाई’ या लघुपटापर्यंत पोहोचल्या. आधी अभ्यास, मग संहिता आणि शेवटी कॅमेरा, असा त्यांचा क्रम. सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’ असे चित्रपट घडविले. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया आहे, पण रुग्णाची टिंगल नाही, भडकपणाही नाही. नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाला माणसांत परत आणणाऱ्या ‘कासव’ला २०१७ साली सुवर्णकमळ मिळाले. त्यापूर्वीची तीन दशके त्या पुरस्काराची वाट पाहत बसल्या नव्हत्या. काम करीत होत्या. २०२१ मध्ये त्या गेल्या.

आता प्रश्न आपल्याला आहे. चित्रपट संस्कार बिघडवतात, अशी तक्रार आपण नित्य करतो. मग संस्कार जपणारा चित्रपट लागला, तेव्हा आपल्यापैकी किती कुटुंबांनी तिकीट काढले? आपल्या घरात एखादा मुलगा अबोल झाला, तर त्याच्याशी बोलावे कसे, हे ‘कासव’ शिकवितो. तो आपण मुलांसह पाहिला का?

सुवर्णकमळ शासन देते, प्रेक्षक समाजाने द्यायचा असतो. आपापल्या मंडळात यंदा असा एक तरी चित्रपट दाखवा आणि त्यावर मोकळी चर्चा घडवा. सरस्वतीबाईंचे ऋण थोडे तरी फिटेल.