पल्ला आणि राखीव

हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात, चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा जेथे संगम होतो त्या टांडी नावाच्या लहानशा गावी एक पेट्रोलपंप आहे, आणि यापुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे अशा आशयाची एक पाटी तेथे वर्षानुवर्षे प्रवाशांना सावध करीत आली आहे. पुण्यामुंबईहून दरवर्षी मनाली-लेह मार्गाने मोटारसायकलवर जाणाऱ्या तरुण मंडळींच्या संग्रही या पाटीशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र बहुधा असतेच. परंतु पाटीवरचा आकडा वाचून, आपल्या टाकीतले पेट्रोल नेमके कोठवर पुरेल याचा हिशेब तेथल्या तेथे कागदावर मांडणारे त्यांच्यात किती असतील, याविषयी मला शंका आहे. तो हिशेब कसा मांडावा, आणि त्यात ‘राखीव’ या सदराखाली काय व किती लिहावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

सर्वसाधारण रीत अशी की, गाडी काय ॲव्हरेज देते असे कोणी विचारले म्हणजे मालक आपल्या आठवणीतला उत्तमातला उत्तम आकडा सांगतो, त्याला माहितीपत्रकात छापलेल्या टाकीच्या मापाने गुणतो, आणि येणाऱ्या गुणाकाराला गाडीचा पल्ला समजून निश्चिंत होतो. टाकी १५ लिटरची आणि ॲव्हरेज ३२ किलोमीटरचे असेल तर हा पल्ला ४८० किलोमीटर भरतो, आणि टांडीच्या पंपावर उभ्या असलेल्या इसमास त्या आकड्याने मोठाच दिलासा मिळतो. वस्तुतः या गुणाकारातील दोन्ही रकमा संशयास्पद आहेत, आणि त्यातून जी वजावट अगोदर करावयास हवी होती ती तर केलेलीच नाही.

प्रथम टाकीचे पाहू. मोटारसायकलची टाकी सांगाड्याच्या वरच्या नळीच्या दोन्ही अंगांनी खाली उतरलेली असते, आणि जुन्या पद्धतीच्या गाड्यांत पेट्रोलचा कॉक बहुधा एकाच अंगाला बसविलेला असतो. त्यामुळे पातळी मधल्या उंचवट्याच्या खाली गेली की पलीकडच्या अंगातले पेट्रोल जागच्या जागी अडकून पडते, आणि गाडी कॉकच्या बाजूस पुरती कलती केल्यावाचून ते इंजिनाच्या उपयोगी येत नाही. कॉकच्या आतली रचनाही ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘राखीव’ म्हणून निराळी टाकी कोठेही नसते. एकाच टाकीत एक उंच आणि एक आखूड अशी पेट्रोल घेणारी दोन तोंडे असतात, आणि पातळी उंच तोंडाच्या खाली उतरून इंजिन धापा टाकू लागले म्हणजे कॉक फिरवून आखूड तोंडाचा मार्ग मोकळा करावयाचा, यालाच आपण ‘गाडी रिझर्व्हला लागली’ असे म्हणतो. पुढे पंपावर टाकी भरल्यानंतर कॉक पूर्ववत करावयाचा राहून गेला, तर त्या खेपेस राखीव पेट्रोल मुकाट्याने खर्च होते आणि इशारा मिळतो तो अखेरचा थेंब संपल्यावरच. सबब पंपावर पैसे चुकते करण्यापूर्वी कॉककडे हात नेण्याची सवय अंगी बाणवून घ्यावी हे उत्तम.

टाकीतले किती पेट्रोल खरोखरी वापरता येते आणि कॉक फिरविल्यावर किती उरते, हे माहितीपत्रकावरून समजत नाही, ते मोजूनच काढावे लागते. आणि आपल्याकडील प्रवाशांना तशी संधी अनायासे मिळते. रेल्वेने मोटारसायकल दिल्ली वा चंदिगडला पार्सल करावयाची तर टाकी रिकामी करून देण्याचा नियम आहे. गाडी उतरवून घेतल्यावर मापाच्या भांड्याने अर्धा-अर्धा लिटर टाकीत ओतीत जावे, प्रथम कॉक ‘रिझर्व्ह’ वर असता आणि मग ‘ऑन’ वर असता इंजिन केव्हा सुरू राहू लागते ते पाहावे आणि दोन्ही वेळी तोपर्यंत ओतलेली रक्कम नोंदवहीत लिहावी. पहिल्या रकमेवरून मुळीच न मिळणारे पेट्रोल आणि दोहोंच्या फरकावरून राखीव पेट्रोल किती, हे ठरते. मग आपली टाकी १५ लिटरची असली तरी वापरण्याजोगे पेट्रोल साडेचौदा लिटरच आहे आणि त्यातील अडीच लिटर राखीव आहे, अशा प्रकारचे निश्चित विधान करता येते. येथून पुढे मी हेच आकडे उदाहरणादाखल धरून चालतो.

आता ॲव्हरेज. ते मोजण्याची निर्दोष पद्धत एकच: गाडी मुख्य स्टँडवर सरळ उभी करून टाकी एका ठरावीक खुणेपर्यंत भरावी, दोन-तीनशे किलोमीटर चालवावी, पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरावी, आणि चाललेल्या किलोमीटरांना दुसऱ्या खेपेस मावलेल्या लिटरांनी भागावे. साइडस्टँडवर कलत्या गाडीत भरलेली टाकी ही भरलेली नव्हेच, आणि मीटरने दाखविलेले अंतरही रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी एकदा ताडून पाहिल्याखेरीज ग्राह्य धरू नये. याहून सूक्ष्म अशी एक चूक आहे, आणि ती सुशिक्षित माणसेही करतात. निम्मा रस्ता लिटरला ४० किलोमीटर आणि निम्मा लिटरला २० किलोमीटर या दराने काटला, तर सरासरी ३० पडेल असे वाटते. परंतु १२० किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यास ३ लिटर आणि तितक्याच लांबीच्या दुसऱ्या टप्प्यास ६ लिटर लागले असता, २४० किलोमीटरांना ९ लिटर म्हणजे लिटरला पावणेसत्तावीसही पडत नाहीत. वाईट रस्ता सरासरीला खाली ओढतो तो चांगल्या रस्त्याने तिला वर उचलण्यापेक्षा अधिक जोराने. म्हणून जाणत्या प्रवाशाने लिटरला किती किलोमीटर असा विचार सोडून शंभर किलोमीटरांना किती लिटर अशी नोंद ठेवावी. तशा नोंदींची बेरीज सरळ होते आणि मनाची फसगत होत नाही.

मैदानी मुलखातले हे ॲव्हरेज हिमालयात टिकत नाही, याची कारणे उघड आहेत. टांडीहून पुढे केलाँग, जिस्पा, दारचा ही गावे मागे पडली की बारालाचाचा चढ लागतो, त्यानंतर सर्चूचे पठार, गाटा लूप्सची एकवीस वळणे, नकी ला आणि लाचुंग ला या खिंडी, पांगचे तंबू, मोरे मैदान आणि अखेर ५,३०० मीटरांहून उंच असा तांगलांग ला. या मार्गाचा बराच भाग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढावा लागतो; अंगावर सामान असते, मागे बहुधा सोबती असतो, आणि दरड कोसळून वाहतूक खोळंबली म्हणजे इंजिन जागच्या जागी धडधडत राहते. त्यातून कार्बुरेटरची गाडी असेल तर आणखी एक आपत्ती ओढवते. पाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. कार्बुरेटरच्या जेटमधून येणारे पेट्रोल मात्र त्या प्रमाणात घटत नाही, त्यामुळे मिश्रण दाट होते, प्लग काळे पडतात, शक्ती क्षीण होते आणि पेट्रोल जळण्याऐवजी वाया जाते. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत हवेचा दाब मोजून पेट्रोलाचे प्रमाण ठरविण्याची योजना असल्यामुळे हा दोष उद्भवत नाही, किंबहुना विरळ हवेचा अडथळाही कमी होतो. परंतु चढ, चिखल आणि खालचे गिअर यांच्यापासून त्यांचीही सुटका नाही. उतारावर पेट्रोल वाचते हे खरे. तथापि ज्याची हमी नाही ते उत्पन्न हिशेबात जमेस धरू नये, या न्यायाने उताराचा लाभ वहीच्या बाहेरच ठेवावा.

मैदानात ३२ देणारी आपली गाडी या रस्त्यावर लिटरला २४ देईल असे आपण समजू. मुख्य पुरवठ्यातील १२ लिटरांत ती २८८ किलोमीटर जाईल आणि राखीव अडीच लिटरांत आणखी ६०, म्हणजे सर्व मिळून ३४८. लेहच्या अलीकडे सुमारे ३५ किलोमीटरांवर कारू येथे पंप असल्यामुळे प्रत्यक्षात काटावयाचे अंतर सुमारे ३३० किलोमीटरांचे. हा आकडा पाहून एखादा म्हणेल की, मग चिंता कसली, अठरा किलोमीटर तर उरलेच की! उरले खरे, परंतु ते राखीव पेट्रोलाचा मोठा हिस्सा जाळून उरले, आणि कारूच्या पंपावर त्या दिवशी टँकर पोहोचला नसेल किंवा वीज नसेल, तर ते अठरा किलोमीटर लेहपर्यंत नेऊन सोडीत नाहीत. पंप असणे आणि पंपात पेट्रोल असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथेच या विषयाचे मर्म आहे. कॉकमधल्या आखूड तोंडाची उंची ज्या कारखान्यात ठरली, तेथे थोड्याच अंतरावर पंप सापडेल असे गृहीत धरलेले असावे. ती राखीव त्या रस्त्याची राखीव होय. ज्या मार्गावर दोन पंपांमधले अंतर ३३० किलोमीटर आहे, त्या मार्गाची राखीव त्या मार्गावरील संकटांच्या मानाने प्रवाशाने स्वतः ठरवावयाची असते. जुन्या काळचा सावध खजिनदार जशी दुष्काळाची तरतूद वर्षारंभीच बाजूला काढी आणि मग उरलेल्या रकमेचे अंदाजपत्रक मांडी, तशी राखीव प्रथम वजा करावी आणि मग राहिलेल्या पेट्रोलाला पल्ला म्हणावे. या दृष्टीने पाहिले असता आपल्या गाडीचा पल्ला ४८० नाही, ३४८ देखील नाही, तो २८८ आहे. आणि २८८ मध्ये ३३० बसत नाहीत.

आणखी एक प्रश्न टांडीलाच विचारून ठेवला पाहिजे: पुढचा रस्ता बंद झाला तर कोठून माघारी फिरता येईल? २८८ चे निम्मे १४४. टांडीपासून इतके अंतर कापले म्हणजे आपण सर्चू ओलांडून गाटा लूप्सच्या आसपास आलेलो असतो, आणि तेथून पुढे टाकलेला प्रत्येक किलोमीटर परतीच्या प्रवासाला राखीव पेट्रोलाचा हिस्सा मागू लागतो. बारालाचावर अवेळी हिम पडणे किंवा ओढ्याला दुपारी पूर येऊन रस्ता वाहून जाणे ही तेथील नित्याची हकिगत आहे. अशा वेळी परतण्याची मर्यादा अगोदर लिहून ठेवलेली असली तर निर्णयास विलंब लागत नाही. नसली तर तो निर्णय थकवा, थंडी आणि सोबत्यांचा उत्साह यांच्या स्वाधीन होतो.

आता बरोबर ५ लिटरांचा एक कॅन घेतला तर काय होते ते पाहा. वापरण्याजोगे पेट्रोल साडेएकोणीस लिटर होते. राखीव अडीच लिटर वजा जाता १७ उरतात, आणि त्यांचा पल्ला ४०८ किलोमीटरांचा होतो. कारू त्यात सहज बसते, आणि परतीची मर्यादा २०४ किलोमीटरांवर, म्हणजे पांगच्याही पुढे सरकते; जेथे निवारा, चहा आणि माणसांची सोबत मिळते त्या मुक्कामापर्यंत जाऊन मग पुढचा विचार करण्याची मोकळीक मिळते. पाच लिटरांच्या ओझ्याने एवढे स्वातंत्र्य लाभत असेल, तर तो सौदा स्वस्तच म्हटला पाहिजे.

मात्र हे पेट्रोल पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरून नेण्याची जी प्रथा पडली आहे ती सर्वथा त्याज्य होय. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने, विक्रीसाठी नसलेले थोडे पेट्रोल परवान्यावाचून बाळगण्याची मुभा देतानाही, घट्ट बुचाच्या धातूच्या भांड्याचा निर्देश केलेला आहे, आणि त्यामागे अनुभव आहे. उंचावर बाहेरचा दाब घटतो, आतली वाफ फुगते, आणि खाली व्यवस्थित बंद केलेली बाटली वर गेल्यावर गळू लागते. खाली तापलेला सायलेन्सर असतोच. कॅनचे झाकण उघडताना ते सावकाश सैल करून वाफ प्रथम जाऊ द्यावी, इंजिन निवू द्यावे, आणि आसपास कोणी विडी ओढीत नाही ना हे पाहावे. टाकीत जागा होताच कॅनमधले पेट्रोल तीत ओतून मोकळे व्हावे, शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवू नये. कारण टाकीतले पेट्रोल सुरक्षित असते आणि कॅन वाटेत कधी सुटून पडेल याचा नेम नसतो. टाकीही उन्हात काठोकाठ भरू नये, कारण दहा अंश तापमान वाढले की पेट्रोल सुमारे शंभरांश भागाने फुगते आणि पंधरा लिटरांच्या टाकीतून दीडशे मिलिलिटर बाहेर येऊ पाहते.

अलीकडच्या गाड्यांत कॉक नाही, त्याच्या जागी एक दिवा आणि ‘इतके किलोमीटर शिल्लक’ असे सांगणारा पडदा आला आहे. त्याचा अव्हेर करण्याचे कारण नाही. परंतु तो आकडा नुकत्याच झालेल्या खर्चावरून काढलेला असतो, म्हणजे उतरणीवर तो उदार होतो आणि चढावर एकाएकी कृपण, शिवाय टाकीतला तरंगता गोळा चढउतारावर कललेल्या पेट्रोलाची खोटी पातळी सांगतो. या गाड्यांचा पंप टाकीतच असून पेट्रोलानेच थंड राहतो, त्यामुळे टाकी कोरडी होईपर्यंत गाडी रेटणे हे त्या पंपाच्या मुळावर येते. तेव्हा पडद्याने काहीही सांगितले तरी वहीतला आकडा प्रमाण मानावा.

कारूला पोहोचल्यावर राखीव पेट्रोल जसेच्या तसे उरलेले असेल, आणि एखादा सोबती हिशेब अति सावध होता असे म्हणेल. त्याला उत्तर देण्याची गरज नाही. पंपावर टाकी भरून घ्यावी, मावलेले लिटर वहीत लिहावेत, गृहीत धरलेल्या २४ च्या शेजारी त्या रस्त्याने प्रत्यक्ष दिलेला आकडा मांडावा, आणि खार्दुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यात उतरावयाचा बेत असेल तर पुढच्या टप्प्याची वजावट त्या नव्या आकड्यावरून, कॅन पुन्हा भरून घेतानाच, करून टाकावी.