बांधकामावरील क्रेन आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्या संमेलनात एखादा निवृत्त शिक्षक बोलावयास उभा राहिला म्हणजे तो शिष्यवृत्तिनिधीविषयी किंवा मुलांच्या वळणाविषयी बोलणार, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज शहरातील बांधकामावर चालणाऱ्या क्रेनविषयी चार शब्द बोलणार आहे. मी इंजिनियर नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी हयात प्राथमिक शाळेत गेलेली. तरीही हा विषय मी का घेतला, याचे कारण मी शेवटी सांगेन. कारण ते सांगणे मला जड जाणार आहे.

आपली ज्ञाती परंपरेने सुतारकामाची व लोहारकामाची. माझे आजोबा गावातील वाड्यांच्या तुळया चढवीत असत. साधने म्हणजे दोरखंड, कप्पी, पहार आणि दहा-बारा माणसांचे बळ. त्या वेळी ते एक नियम कटाक्षाने पाळीत, तो मला आजही आठवतो. ते म्हणत, "हुकूम एकाचाच चालेल, पण 'थांबा' म्हणण्याचा अधिकार सर्वांना आहे." दोर धरणारा अगदी नवखा पोरगा जरी 'थांबा' म्हणून ओरडला, तरी सर्वांनी जागच्या जागी थांबावयाचे, आणि मग कारण विचारावयाचे. विशेष हे की, आज जगभर क्रेनच्या कामात हाच नियम मान्य झालेला आहे. क्रेनचालकाने इशारे घ्यावयाचे ते नेमलेल्या एकाच माणसाचे. परंतु थांबण्याचा इशारा मात्र कोणीही दिला तरी तो पाळावयाचा.

आज आपली मुले पुणे, मुंबई, ठाणे येथे इंजिनियर, ठेकेदार, सुपरवायझर व क्रेनचालक म्हणून काम करीत आहेत. आपल्यापैकी पुष्कळजण गृहनिर्माण संस्थांच्या कमिट्यांवर असून जुन्या इमारतींचा पुनर्विकास करवून घेत आहेत. आणि उरलेले आपण सर्व त्या उंच हातांखालून रोज भाजी आणावयास जातो. तेव्हा हा विषय केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

प्रथम क्रेनचे मर्म समजून घेऊ. शाळेत मुलांना आपण तरफ शिकवितो. सी-सॉच्या टोकाला बसलेले लहान मूल मध्याजवळ बसलेल्या मोठ्या माणसाला उचलते. क्रेनचे गणित तेच आहे. वीस मीटर अंतरावर टांगलेले एक टन ओझे क्रेनला उलथविण्याचा जेवढा प्रयत्न करते, तेवढाच पाच मीटरवरील चार टन ओझे करते. म्हणून 'ही क्रेन शंभर टनांची आहे' या वाक्याला अंतर सांगितल्यावाचून काही अर्थ नाही. तिचा हात, ज्यास बूम म्हणतात, तो पुरता लांबविला की तीच क्रेन त्या शंभर टनांचा दशांशही पेलू शकत नाही. किती अंतरावर किती ओझे, याचा तक्ता चालकाच्या केबिनमध्ये असावयास पाहिजे, आणि तो त्यास वाचता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट जमिनीची. फिरती क्रेन आपले चार पाय पसरून उभी राहते. शहरातील जमीन वरून सपाट दिसली तरी पोटात जुनी गटारे, पाण्याचे नळ व नुकतेच बुजविलेले चर असतात. म्हणून प्रत्येक पायाखाली भार पसरविण्यासाठी जाड फळ्या किंवा पोलादी पाट घालणे आणि खाली काय आहे याची चौकशी करणे अवश्य आहे. वर पाहावे तो विजेच्या तारा. त्यांना बूमचा किंवा दोराचा स्पर्शसुद्धा होण्याची आवश्यकता नाही. उच्च दाबाची वीज अंतर ओलांडूनही येते.

तिसरी गोष्ट ओझे बांधण्याची. दोन पट्ट्यांनी ओझे टांगले आणि ते पट्टे जवळजवळ उभे असले, तर प्रत्येकावर निम्मा भार येतो. पण पट्टे फाकत जाऊन त्यांमधील कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक पट्ट्यावर संपूर्ण ओझ्याइतका ताण येतो. दोर दोन असूनही एकाचेच बळ उरले, असा याचा अर्थ. झिजलेल्या पट्ट्याची गोष्ट तर वेगळीच. न्यूयॉर्क शहरात १५ मार्च २००८ रोजी टॉवर क्रेनला आधार देणारी पोलादी कड बसविताना ती तोलून धरणारे पट्टे तुटले, क्रेन कोसळली आणि सात माणसे प्राणास मुकली. एवढे अजस्र यंत्र, आणि त्याचा नाश झाला तो हातात मावणाऱ्या पट्ट्याने.

चौथी गोष्ट वाऱ्याची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. आणि वारा केवळ क्रेनला ढकलीत नाही, टांगलेल्या ओझ्यालाही ढकलतो. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १४ जुलै १९९९ रोजी क्रीडागृहाच्या छपराचा चारशे टनांहून जड भाग उचलताना क्रेन कोसळून तीन कामगार मरण पावले. वाऱ्याचा विचार क्रेनपुरता झाला होता. त्या प्रचंड छपरावर वारा किती जोर करील, हे हिशेबात धरलेच नव्हते. मक्केस ११ सप्टेंबर २०१५ रोजी वादळी वाऱ्यात क्रेन पडून शंभराहून अधिक यात्रेकरू मृत्यू पावले. त्या वेळी क्रेन काम करीत नव्हती. पण तिचा हात खाली उतरवून न ठेवता उभाच ठेवला होता. टॉवर क्रेनचा आडवा हात काम संपल्यावर वाऱ्याबरोबर फिरण्यास मोकळा सोडतात, तो याच कारणाने. त्यावर जाहिरातीचे मोठे फलक व कापडी पताका लावण्याची हौस म्हणूनच घातक आहे.

पाचवी गोष्ट क्रेन उभारण्याची व उतरविण्याची. काम संपत आले की माणसाचा हात सैल पडतो. सिॲटल शहरात २७ एप्रिल २०१९ रोजी टॉवर क्रेन उतरविताना तिचे भाग जोडणाऱ्या पिना वेळ वाचविण्यासाठी आधीच काढून ठेवल्या होत्या. वाऱ्याचा झोत आला आणि क्रेन रस्त्यावर कोसळली. चार मृतांपैकी दोघे क्रेनवरील कामगार होते, तर दोघे खालून मोटारीने जाणारे नागरिक होते. आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूरनजीक समृद्धी महामार्गाच्या कामावर १ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटेपूर्वी गर्डर चढविणारे यंत्र कोसळून वीस माणसे गेली, हे तर आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे.

नियम नाहीत असे नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला आणि १९९८ साली त्याखाली केंद्रीय नियम आले. उचलण्याच्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून वेळोवेळी तपासणी, त्यांवर सुरक्षित भाराचा स्पष्ट निर्देश, अठरा वर्षांखालील चालक नसणे, हे सारे त्यांत लिहिलेले आहे. त्या कायद्याचा आशय पुढे २०२० च्या संहितेत घेण्यात आला. तेव्हा उणीव आहे ती कागदावर नव्हे. उणीव कोठे आहे, हे मी आता स्वानुभवाने सांगतो.

२०१८ च्या मे महिन्यात आपल्या मंडळाच्या वसतिगृहाचे काम पूर्ण होत आले होते. मी इमारत समितीत होतो. उद्घाटनाचा दिवस ठरला होता, पत्रिका छापून झाल्या होत्या. गच्चीवरील शेडचे पत्रे तेवढे चढवावयाचे राहिले होते. दुपारी क्रेन आली. चालक माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने खाली उतरून माझ्या पायांना हात लावला. दोन गठ्ठे चढले आणि पश्चिमेकडे आभाळ भरून आले, वळवाचा वारा सुटला. तो मला म्हणाला, "गुरुजी, वारा बरा नाही. अर्धा तास थांबू या."

मी म्हणालो, "अरे, उद्घाटनाला चार दिवस उरले आहेत. एवढा एक गठ्ठा चढव, मग खुशाल थांब."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण मी वर्गात किती वेळा शिकविली असेल! तो क्षणभर घुटमळला आणि केबिनमध्ये जाऊन बसला. गठ्ठा वर गेला, आणि वाऱ्याने शिडासारखा फिरला. खाली दोर धरून त्यास सावरू पाहणारा खलाशी ओढला गेला. गठ्ठा गच्चीच्या कठड्यावर आदळला, पट्टा सरकला आणि पत्रे सुटले. त्यांतील एक त्या खलाश्याच्या पायावर आला. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. त्या वेळी तो सत्तावीस वर्षांचा होता.

बंधु-भगिनींनो, त्या चालकाकडे परवाना होता. क्रेनची तपासणी झालेली होती. नियम त्यास ठाऊक होता, आणि तो त्याने मला बोलूनही दाखविला. त्याने नियम मोडला तो अज्ञानाने नव्हे, तर गुरुजींचा शब्द खाली पडू नये म्हणून. ज्या मुलाला मी लहानपणी आज्ञाधारकपणा शिकविला, त्याने त्या दिवशी माझी आज्ञा पाळली. वडीलधाऱ्यांना 'नाही' कसे म्हणावे, हे मी त्यास कधी शिकविलेच नव्हते.

उद्घाटन ठरल्या दिवशीच झाले. त्या वर्षीच्या स्मरणिकेत त्याचा वृत्तांत छायाचित्रांसह आला. देणगीदारांची नावे आली, समितीची आली, माझेही आले. त्या खलाश्याचा उल्लेख त्यात नाही. मंडळाने त्याच्या औषधोपचाराचा खर्च केला आणि पुढे त्यास त्याच वसतिगृहात पहारेकऱ्याची जागा दिली, हे खरे. पण मी तेथे गेलो की तो काठीवर उठून मला नमस्कार करतो, तो नमस्कार मला सोसवत नाही. स्मरणिकेतील ती उणीव निदान आज भरून निघावी, म्हणून मी हा विषय घेतला.

आता माझ्या तीन विनंत्या आहेत. जे ठेकेदार व इंजिनियर आहेत, त्यांनी काम सुरू होण्यापूर्वी सर्व माणसांना एकत्र करून सांगावे की, 'थांबा' म्हणणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही आणि त्यास कोणी बोल लावणार नाही. जे संस्थांच्या कमिट्यांवर आहेत, त्यांनी मुहूर्त ठरविताना वाऱ्या-पावसाचे दिवस हिशेबात धरावेत, टांगलेल्या ओझ्याखालील जागा दोरी बांधून मोकळी ठेवण्याचा आग्रह धरावा, आणि क्रेनपाशी उभे राहून घाई करू नये. तेथे आपले काही काम नसते. आणि जे तरुण क्रेनवर काम करतात, त्यांना माझे सांगणे एवढेच की, तुमच्या पुढे शेठ उभा असो, साहेब उभा असो, की तुम्हांस बाराखडी शिकविणारा गुरुजी उभा असो, वारा वाढला की हात थांबवा. त्याने तुमच्या गुरुजींचा अपमान होणार नाही.

आजोबांनी तो नियम मला तोंडी दिला होता. मी तो विसरलो आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली. आपण तो विसरू नये, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.