मॅक की विंडोज? आधी काम सांगा!

इन्स्टावरच्या फोटोग्राफरसमोर बहुतेक वेळा मॅकबुक दिसतं. सीएच्या ऑफिसात जा, तिथे विंडोज. मग एखाद्याला वाटतं, फोटोग्राफी करायची तर मॅक हवाच. आणि ईएमआय मागे लागतो! जरा थांबा. ही वाटणी झाली कशी, ते बघू.

१९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला. पुढच्याच वर्षी लेझररायटर प्रिंटर आणि पेजमेकर आले, आणि छपाईवाले मॅककडे वळले. १९९० साली फोटोशॉप आलं, तेही फक्त मॅकवर. विंडोजवाल्यांना जवळपास तीन वर्षं वाट बघावी लागली. स्टुडिओंना मॅकची सवय लागली ती तेव्हापासून.

आता गंमत ऐका. एक्सेलसुद्धा आधी मॅकवरच आलं, १९८५ साली! विंडोजवर आलं १९८७ साली. तरी ऑफिसं विंडोजची झाली. कारण विंडोजची मशीन अनेक कंपन्या बनवायच्या, त्यामुळे ती स्वस्त पडायची. आपल्याकडे तर टॅली विंडोजवरच चालतं. एक्सेलमधलं पॉवर पिव्हट आजही मॅकवर नाही. त्यामुळे अकाउंट्समध्ये काम करणार असाल, तर फार विचार करू नका, विंडोज घ्या.

फोटोवाल्यांचं काय? फोटोशॉप, लाइटरूम आता दोन्हीकडे चालतं. २०२० मध्ये एम१ चिप आल्यापासून मॅकबुक कमी तापतं, बॅटरीही जास्त टिकते. बाहेर शूटवर असाल तर हा फायदा खरा आहे. पण लग्नाच्या व्हिडिओचं काम करणार असाल, तर आधी एक गोष्ट विचारा: तुमचा एडिटर कशावर काम करतो? एडियस फक्त विंडोजवर चालतं, फायनल कट प्रो फक्त मॅकवर. त्याची प्रोजेक्ट फाइल तुमच्याकडे उघडलीच नाही, तर महागडं मशीन काय कामाचं?

हार्ड डिस्कचंही तसंच. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरचं मॅक वाचतं, पण त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे फिरवायची असेल तर डिस्क आधीच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फोटो भरल्यावर नको, सगळं पुसलं जाईल!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्क्रीन. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीनवर रंग फिके दिसतात. नववारीचा लाल फिका वाटतो म्हणून तुम्ही तो वाढवता, आणि अल्बम छापून आला की तो भडक! पार्टीला सफरचंदाशी देणंघेणं नसतं हो, तिला साडीचा रंग बरोबर हवा असतो.

म्हणून बजेट आखताना आधी चांगला मॉनिटर, तो कॅलिब्रेट करायचं यंत्र आणि बॅकअपची दुसरी डिस्क यांचे पैसे बाजूला काढा. उरलेल्या पैशांत जे मशीन बसेल ते घ्या. ईएमआय काढायचाच असेल, तर त्यातून कामं किती वाढतील हा हिशोब कागदावर मांडा.

तुम्ही कशावर काम करता, कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!