भिंगापुढची मऊ काच

महाड-पोलादपूरकडे लग्नसराई सुरू झाली, की वाजंत्र्यांच्या बरोबरीने कॅमेरेही गावोगाव हिंडू लागतात. पूर्वी शहरातून एखादा फोटोग्राफर येई, वधूवरांना खुर्च्यांवर बसवी, आणि दोन-चार फोटो काढून निघून जाई. आता हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळ्याचे चलच्चित्र घेतात. पण हल्लीची भिंगे मोठी कडक नजरेची! कपाळावरचा घाम, गालावर न मिसळलेली पावडर, जागरणाने सुजलेले डोळे, काही म्हणता काही सुटत नाही. मग नवरीच म्हणते, "अगं बाई, ही मी का?" यावर उपाय म्हणून भिंगापुढे एक काच लावतात. तिला डिफ्यूजन फिल्टर म्हणतात. त्या काचेविषयी आज थोडे बोलायचे आहे.

ही कल्पना नवी नाही. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंच्या हाती पहिला कॅमेरा आला तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांची व्यक्तिचित्रे जरा धूसर असत. तेव्हाच्या जाणत्यांनी त्यांना नावे ठेवली. आज तीच चित्रे संग्रहालयांत मानाने टांगलेली आहेत. पुढे सिनेमावाल्यांनी नायिकेच्या जवळच्या दृश्यासाठी भिंगावर रेशमी मोज्याचे कापड ताणले, कुणी काचेवर व्हॅसलीन चोळले. आजचे 'सॉफ्टार' काय किंवा 'ब्लॅक प्रो-मिस्ट' काय, ही त्याच युक्तीची सुधारलेली रूपे आहेत.

आता ही काच करते काय? फोटो हलला किंवा फोकस चुकला म्हणजे सगळेच पुसट होते. इथे तसे नाही. काचेवरच्या किंवा काचेतल्या बारीक कणांमुळे, नाहीतर उंचवट्यांमुळे, आलेल्या प्रकाशापैकी थोडासा इकडेतिकडे पसरतो. बाकीचा सरळ आत जातो. म्हणून डोळे, पापण्या, नथीचा आकार स्पष्टच राहतात. फक्त उजेडाच्या कडा जराशा सांडतात. तो सांडलेला उजेड शेजारच्या सावलीत मिसळतो, आणि त्वचेवरची बारीक खडबड दबून जाते. समईच्या ज्योतीभोवती आणि मांडवातल्या दिव्यांच्या माळेभोवती वलय दिसते, ते याचमुळे.

या काचांना नंबर असतात: १/८, १/४, १/२ आणि १. चेहऱ्यासाठी बहुधा १/८ किंवा १/४ पुरे होतो. एक मात्र ध्यानात ठेवावे. दुरून चेहरा जवळ ओढणाऱ्या लांब भिंगावर तोच नंबर जास्त जोराने लागतो. पाठीमागे उघडी खिडकी किंवा ऊन असेल तर सगळे चित्र पांढुरके होऊन जाते. घरच्या घरी प्रयोग करायचा तर काळा पातळ मोजा ताणून भिंगापुढे बांधावा. मात्र भिंगाचे तोंड फार बारीक केले, तर जाळीचे धागे चित्रात उमटू लागतात. आणि व्हॅसलीन लावायचेच तर ते वेगळ्या साध्या काचेवर. भिंगावर कदापि नाही!

पण श्रोतेहो, काचेच्या आधी उजेड पाहावा. भिंगापुढची काच चेहऱ्यावरच्या कडक सावल्या नाहीशा करीत नाही. ते काम प्रकाशाचेच. १९५६ सालच्या 'अपराजितो' चित्रपटात छायालेखक सुब्रत मित्र यांनी घराच्या अंगणाच्या देखाव्यावर पांढरे कापड ताणले आणि त्यावरून परतलेल्या उजेडात दृश्ये टिपली. आपल्याकडे तर पावसाळ्यात आभाळच असे कापड होते. जून ते सप्टेंबर महाडच्या एखाद्या घराच्या ओटीवर माणसाला बाहेर तोंड करून बसवा. चेहऱ्यावर असा मऊ उजेड येतो की काचेची आठवणही होऊ नये. आंबेनळी घाटात धुके उतरले असेल तेव्हाही फिल्टर पिशवीतच असू द्यावा. धुके आधीच चित्र फिके करते. त्यावर काचेची भर कशाला?

दमट हवेची गोष्टही सांगतो. महाबळेश्वरच्या गारठ्यातून पोलादपूरला उतरून कॅमेरा लगेच बाहेर काढला, तर थंड भिंगावर वाफ धरते. तो मऊपणा कामाचा नव्हे. पिशवी बंद ठेवून थोडा वेळ थांबावे. आणि पावसाळाभर कॅमेरा कपाटात कोंडून ठेवला तर भिंगावर बुरशी येते. ती कायमचा फिल्टर होऊन बसते!

आता शेवटचा मुद्दा, आणि तोच महत्त्वाचा. आपल्या भागातली कितीतरी मुले मुंबईला कामाला. ती गणपतीला, शिमग्याला गावी येतात आणि जाताना आईचा फोटो घेऊन जातात. त्या माउलीच्या तोंडावरच्या सुरकुत्या भात लावताना आणि नाचणीच्या शेतात उन्हात राबताना पडलेल्या. त्या पुसल्या तर तिचे म्हणून काय उरले? २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. अशा पुरात भिजून विरलेली तसबीर पुन्हा मिळत नाही, आणि तसबिरीतले माणूस गेलेले असेल तर दुसरी काढताही येत नाही.

म्हणून नवरीला हवी तर काच जरूर लावा. तिचा तो दिवस आहे. पण म्हाताऱ्या माणसाचा एक फोटो काचेवाचून, साफ उजेडात काढून ठेवा. कारण काचेने एकदा झाकलेली रेघ मागाहून परत आणता येत नाही. साफ चित्र मात्र केव्हाही मऊ करता येते. मोबाइलमधले सौंदर्य वाढवणारे यंत्र तर हिशेब करून गालच गुळगुळीत करते. त्याच्या हाती आजीला सोपवण्यापूर्वी दहादा विचार करावा. नातवंडांनी उद्या त्या फोटोकडे बोट दाखवून "ही आमची आजी" असे बिनचूक म्हणावे, एवढा मऊपणा पुरे.