एचआयव्हीची जनुकरचना आणि मेंदूचे आरोग्य

(भिलाई, छत्तीसगढ येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. पुढे देशाच्या सर्व भागांतून कामगार या नगरीत आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. पोलाद कारखान्यात लक्ष, स्मृती आणि हालचालींतील तत्परता या गोष्टी कामगाराच्या सुरक्षिततेशी निगडित असतात. एचआयव्हीचा परिणाम नेमक्या याच क्षमतांवर होऊ शकतो. एड्सची चर्चा मात्र बहुधा प्रतिकारशक्तीपुरतीच मर्यादित राहते. म्हणून या विषाणूची जनुकरचना आणि मेंदूचे आरोग्य यांचा संबंध समजून घेणे आवश्यक आहे.

विषाणू मेंदूत कसा पोहोचतो?

संसर्गानंतर अल्पावधीतच विषाणू मेंदूत शिरतो. रक्तातील बाधित पांढऱ्या पेशी त्याचे वाहन ठरतात. मेंदूतील भक्षकपेशींत तो वाढतो. चेतापेशींत मात्र तो सहसा शिरत नाही. त्यांची हानी अप्रत्यक्ष असते. बाधित पेशींतून ‘टॅट’ नावाचे विषाणूचे प्रथिन बाहेर पडते. ते आणखी पांढऱ्या पेशींना मेंदूकडे आकर्षित करते आणि चेतापेशींना प्रत्यक्ष इजाही पोहोचवते. परिणामी विस्मरण, एकाग्रतेचा अभाव व मंद हालचाली ही लक्षणे उद्भवतात आणि गंभीर अवस्थेत स्मृतिभ्रंश होतो.

एका अमिनो आम्लाचा फरक

एचआयव्ही-१ चे अनेक उपप्रकार आहेत. अमेरिका व पश्चिम युरोपात ‘बी’, तर भारतात ‘सी’ उपप्रकाराचे प्राबल्य आहे. ‘बी’ उपप्रकाराच्या टॅट प्रथिनात ३० व ३१ या क्रमांकांच्या स्थानी सिस्टीन या अमिनो आम्लाची जोडी असते. भारतीय ‘सी’ उपप्रकारात ३१ व्या स्थानी बहुधा सेरीन आढळते. जनुकातील एकच अक्षर बदलले तरी हा फरक पडू शकतो. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की, या बदलामुळे टॅटची पांढऱ्या पेशींना आकर्षित करण्याची शक्ती क्षीण होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ‘सी’ उपप्रकाराचे टॅट चेतापेशींना तुलनेने कमी घातक ठरले. उंदरांवरील प्रयोगातही ‘बी’ उपप्रकाराने स्मृतीची हानी अधिक झाली.

निष्कर्षांची मर्यादा

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २००० मधील अहवालात एचआयव्हीबाधितांमध्ये तीव्र स्मृतिभ्रंश क्वचितच आढळला होता. या निरीक्षणाशी वरील संशोधन जुळते. तथापि, त्यावरून भारतीय विषाणू ‘सौम्य’ ठरवणे घाईचे होईल. याच संस्थेतील २००७ च्या अभ्यासात, उपचार सुरू न झालेल्या निम्म्याहून अधिक बाधितांमध्ये सौम्य ते मध्यम स्वरूपाचा बौद्धिक क्षमतेचा ऱ्हास दिसून आला. दक्षिण आफ्रिकेत सिस्टीनची जोडी असलेल्या व नसलेल्या ‘सी’ विषाणूंच्या रुग्णांची तुलना झाली, तेव्हा बौद्धिक क्षमतेत स्पष्ट फरक आढळला नाही. प्रयोगशाळेतील पेशी आणि समाजात वावरणारा माणूस यांत अंतर असते. शिक्षण, पोषण, क्षयासारखे सहआजार, नैराश्य, मद्यपान आणि उपचारास झालेला विलंब हे घटकही तितकेच महत्त्वाचे आहेत. जनुकरचना हे अनेक कारणांपैकी एक कारण होय.

धोरणाची दिशा

स्मृती मंदावलेला रुग्ण औषधाची वेळ विसरतो. औषध चुकले की विषाणू पुन्हा वाढतो आणि मेंदूची हानी अधिक होते. हे दुष्टचक्र लवकर तोडले पाहिजे. १ एप्रिल २००४ पासून देशात मोफत एआरटी उपचार सुरू झाले आणि २०१७ पासून निदान होताच उपचार हे धोरण स्वीकारण्यात आले. पुण्यात १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील अभ्यासात, प्रगत अवस्थेतील रुग्णांचीही बौद्धिक क्षमता उपचारानंतर सुधारल्याचे दिसून आले.

याच्या जोडीला उपचार केंद्रांत स्मृती व एकाग्रतेची साधी चाचणी हवी. हिंदी, छत्तीसगढी, मराठी, तेलुगू अशा अनेक भाषा बोलणाऱ्या भिलाईत ती रुग्णाच्या भाषेत आणि त्याच्या शिक्षणाला अनुरूप असली पाहिजे. अन्यथा अल्पशिक्षित पण निरोगी माणूसही आजारी ठरेल. अशा चाचणीचा उपयोग उपचारासाठीच व्हावा, नोकरीवरून दूर करण्यासाठी नव्हे. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ रोजगारातील भेदभावास मनाई करतो व गोपनीयतेचे संरक्षण करतो.

भावी प्रशासकांनी यातून दुहेरी बोध घ्यावा. विषाणूतील सूक्ष्म बदलांचा मागोवा घेणारे संशोधन देशातच व्हायला हवे. पण त्याचे उत्तर हाती येईपर्यंत उपचार थांबता कामा नयेत. विषाणू कोणत्याही उपप्रकाराचा असो, वेळेवर निदान आणि अखंड औषधोपचार हेच मेंदूचे खरे संरक्षण आहे.