चेंडू, बूट आणि संध्याकाळचा तास

बास्केटबॉलची कडी मोठ्या मुलामुलींना सारखीच, दहा फुटांवर. तिथवर पोचायचा खर्च मात्र सारखा नाही. क्लबची फी, बूट, बसभाडं हिशेबात येतं. पण आई चाकणला दुसऱ्या पाळीला गेली, की धाकट्याला सांभाळायला आणि भाकरी थापायला मुलगीच. तिचा संध्याकाळचा तास कोण मोजतं? भावाचे बूट ‘गरज’, हिचे ‘हौस’!

मुलींना हा खेळ झेपत नाही म्हणणाऱ्यांना सांगा, २०१७ साली आशिया चषकाच्या ‘ब’ विभागात जिंकलेल्या भारतीय संघात पुण्याची शिरीन लिमये होती.

भोसरी-निगडीच्या क्लबांना मुली हव्यात ना? मग नुसती फी माफ करून भागणार नाही. आयांच्या पाळ्या विचारून सरावाची वेळ ठरवा, धाकटी भावंडं मैदानावर येऊ द्या, बूट क्लबनेच ठेवा. आणि अंधार पडल्यावर मुली घरी कशा जाणार, हे पहिल्याच पालकसभेत ठरवा.